दोंगदेमुनची रात्र, कुपांगची पहाट

सोलमधला कपड्यांचा खरा बाजार रात्री आठच्या सुमारास उघडतो आणि उजाडायच्या आत आवरतो. दोंगदेमुन म्हणजे शहराचा जुना पूर्व दरवाजा. त्याच्या आसपासच्या घाऊक इमारतींत रात्रभर दिवे लखलखत असतात. मजल्यामजल्यावर दाटीनं गाळे, आणि खाली फुटपाथवर कमरेएवढ्या प्लॅस्टिक पिशव्यांचे ढीग. गावोगावच्या दुकानदारांनी आणि आता मुख्यतः ऑनलाइन विक्री करणाऱ्यांनी मागवलेला माल या पिशव्यांत भरलेला असतो. तो गोळा करायला दुकानदार स्वतः येतोच असं नाही. त्याच्या वतीनं गाळ्यागाळ्यांतून हिंडणारी, पैसे चुकते करणारी आणि पिशव्या गाडीत टाकून रवाना करणारी माणसं असतात. त्यांना 'साइप समछोन' म्हणतात, म्हणजे खरेदीवाले काका.

हौशी गिऱ्हाइकाला इथे फारसा भाव नाही. एकच नग घेणाऱ्याशी बोलायला गाळेवाल्याला फुरसत नसते आणि कपडा अंगावर चढवून बघायची सोय नसते. ज्याला निवांत घ्यायचं असेल त्यानं रस्त्याच्या पश्चिमेच्या दूता, मिलिओरे अशा किरकोळीच्या मॉलमध्ये जावं. पण बघायची गोष्ट पूर्वेलाच आहे. चालत जाण्याच्या अंतरात एक अख्खा उद्योग मांडलेला आहे: कापड, बटणं, चेन, लेस १९७० साली उघडलेल्या 'दोंगदेमुन जोंगहाप' बाजारात, बेतलेलं कापड मोटरसायकलवर बांधून शेजारच्या छांगसिन-दोंगच्या टेकडीवर, तिथल्या घराघरांतल्या शिलाईखोल्यांतून तयार झालेला कपडा पुन्हा खाली बाजारात. आज डोक्यात आलेला नमुना दोन-तीन दिवसांत गाळ्यात टांगलेला असतो. एवढी चपळाई लांबच्या देशात शिवून घेणाऱ्या मोठ्या ब्रँडला परवडत नाही, म्हणून हा बाजार अजून तग धरून आहे.

कोरियात कुठे काय घ्यावं याची यादी हल्ली कोणीही देतं. माझा निकष त्याहून साधा आहे. जे बाजारातच शिवलं, कापलं, दळलं, गाळलं किंवा निवडलं जातं ते बाजारातून घ्यावं. ज्याच्यावर छापील किंमत आहे ते दुकानातून घ्यावं. हा निकष कसा लागू पडतो हे कळायला मात्र कोरियाचे बाजार कोणी आणि का उभे केले ते पाहावं लागतं, कारण यातला जवळजवळ प्रत्येक बाजार कुठल्या तरी संकटातून उभा राहिलेला आहे.

दोंगदेमुनपासूनच सुरुवात करू. चंग्येछन ओढ्याच्या काठची 'फ्योंगह्वा' बाजाराची लांबलचक इमारत १९६२ ची. फ्योंगह्वा म्हणजे शांतता. कोरियन युद्धात उत्तरेकडून पळून आलेले निर्वासित या ओढ्याकाठी झोपड्या टाकून जुने लष्करी कपडे उसवून, रंगवून विकत. त्यांच्याच धंद्याला पुढे पक्की इमारत मिळाली आणि एकीकरणाच्या आशेनं तिला हे नाव दिलं गेलं. खाली दुकानं, वर शिलाईचे कारखाने. जागा वाढवायला एका मजल्याचे आडवे दोन भाग केलेले, त्यामुळे उभं राहिलं की डोकं छताला. बारा-पंधरा वर्षांच्या मुली तिथे दिवसाला चौदा-पंधरा तास काम करायच्या. छॉन थे-इल हा त्याच बाजारात कापड बेतणारा तरुण. बसभाड्याचे पैसे मोडून तो या मुलींना खाऊ घेऊन द्यायचा आणि स्वतः कित्येक मैल चालत घरी जायचा. देशात कामगार कायदा आहे हे कळल्यावर त्यानं पाहणी केली, अर्ज केले, अधिकाऱ्यांचे उंबरे झिजवले. काहीच हललं नाही. १३ नोव्हेंबर १९७० रोजी, बाविसाव्या वर्षी, कायदा पाळा, आम्ही यंत्रं नाही, असं ओरडत त्यानं बाजारासमोर स्वतःला पेटवून घेतलं. कोरियाच्या कामगार चळवळीचा इतिहास या दिवसापासून मोजतात. त्याची आई ई सो-सन २०११ मध्ये वारली. तोवर ती त्याच चळवळीत होती. ओढ्यावरच्या पुलावर आज त्याचा अर्धपुतळा आहे. पर्यटक बहुतेक वेळा त्याच्या शेजारून हातात पिशव्या घेऊन जातात.

थोडं पश्चिमेला गेलं की ग्वांगजांग बाजार. १९०५ हे कोरियाच्या इतिहासातलं काळं वर्ष. त्या वर्षी जपाननं देशाला आपलं संरक्षित राज्य केलं. जुन्या नामदेमुन बाजारावर जपानी व्यापाऱ्यांची पकड बसत चालली होती, तेव्हा कोरियन व्यापाऱ्यांनी पैसा उभा करून कंपनी काढली आणि स्वतःचा, रोज भरणारा बाजार सुरू केला. तोच हा. वरच्या मजल्यावर अजून रेशीम आणि हानबोकचं, म्हणजे पारंपरिक पोशाखाचं, कापड मिळतं. लग्नघरची मंडळी तिथे तासन्‌तास रंग जुळवत बसतात. शेजारीच जुन्या परदेशी कपड्यांची दुकानं, तिथे विशीतली मुलं. हे दोन्ही पाहण्यासारखं आहे, पण बहुतेक पाहुणे खालीच अडकतात, कारण खाली खाणं आहे.

खाण्यात पहिला मान बिंदेत्तोकचा. भिजवलेले मूग समोरच जात्यावर वाटायचे, त्यात मोड आलेले मूग आणि किमची घालायची आणि तेलात जाडजूड, कुरकुरीत थापायचं. आपल्या मुगाच्या धिरड्याचा हा धष्टपुष्ट भाऊ. शाकाहाऱ्यांनी मात्र विचारूनच घ्यावं, कारण पिठात डुकराचं मांस असू शकतं आणि किमचीत मासळी असतेच म्हणा. विकणाऱ्या बाईंना 'इमो', म्हणजे मावशी, अशी हाक मारतात. २०२३ च्या अखेरीस या मावश्यांवर देशभर टीका झाली. १५,००० वॉनला, म्हणजे साधारण नऊशे रुपयांना, मिश्र भज्यांची जेमतेम भरलेली ताटली मिळाल्याची चित्रफीत पसरली. मग महापालिका आणि बाजाराची संघटना जागी झाली, पदार्थाचं वजन फलकावर लिहिण्याचे आणि गुप्त गिऱ्हाइकं पाठवून तपासणी करण्याचे बेत जाहीर झाले. मला यात एकट्या विक्रेत्यांचा लोभ दिसत नाही. बाजार कापडाचा राहिला की गिऱ्हाईक परत येतं, म्हणून विक्रेता जपून वागतो. बाजार चित्रीकरणाचा झाला की समोरचा माणूस पुन्हा दिसणार नाही हे विक्रेत्याला ठाऊक असतं.

नामदेमुन याहून कितीतरी जुना, १४१४ मध्ये राजदरबारानं बांधून दिलेल्या दुकानांपर्यंत त्याची मुळं जातात. शेजारचा दक्षिण दरवाजा २००८ मध्ये एका माथेफिरूनं जाळला, २०१३ मध्ये तो पुन्हा उभा राहिला. बाजारात दहा हजारांवर दुकानं आहेत. लहान मुलांचे कपडे, खोटे दागिने, भांडी, जिनसेंग, समुद्रशेवाळाचे कागद, सगळं आहे, पण मी सांगेन चष्म्याचं. डोळे तपासून, काच घासून, चौकटीत बसवून चष्मा बहुधा तासाभरात हातात येतो आणि किंमत आपल्याकडच्या साखळी दुकानांहून जास्त नसते. पॉवरचा चष्मा ऑनलाइन विकायला कोरियात कायद्यानं बंदी आहे, त्यामुळे हे कारागीर टिकून आहेत.

युद्धाचा बाजार बघायचा तर बुसानला जायला हवं. १९५० ते ५३ या काळात जवळजवळ सगळा वेळ हे बंदर देशाची तात्पुरती राजधानी होतं आणि लाखो निर्वासित तिथे अडकले होते. परत जाणाऱ्या जपान्यांनी विकून टाकलेल्या सामानातून सुरू झालेला 'गुकजे', म्हणजे आंतरराष्ट्रीय, बाजार याच लोकांनी वाढवला. अमेरिकी छावण्यांतून बाहेर आलेले डबे, सिगारेटी, ब्लँकेटं तिथे विकली जात. लगतच्या बाजाराचं 'कांगथोंग', म्हणजे पत्र्याचा डबा, हे नाव त्या डबाबंद मालावरूनच पडलं. २०१४ मध्ये 'गुकजे सिजांग' नावाचा सिनेमा आला, एक कोटी चाळीस लाखांवर तिकिटं खपली आणि बाजार अचानक तीर्थक्षेत्र झाला. जवळच जागाल्छीचा मासळीबाजार. तो बायकांनी चालवला, आणि युद्धात नवरे गमावलेल्या कित्येकींनी त्यावर घरं पोसली. तळमजल्यावर मासा निवडायचा आणि वरच्या मजल्यावर कापून, शिजवून घ्यायचा; बसायचे, वाढायचे पैसे वेगळे. सोलच्या नोर्यांगजिन मासळीबाजारातही हीच रीत. तिथे लिलाव मध्यरात्रीनंतर होतात. २०१६ मध्ये नवी इमारत झाली, तेव्हा जुन्या गाळेवाल्यांनी ती अरुंद आणि महाग म्हणून हलायला नकार दिला आणि तो झगडा काही वर्षं चालला. नवी इमारत स्वच्छ आहे, थंड आहे. जुन्यांचं म्हणणं मला तरी पूर्ण चुकीचं वाटत नाही.

डिपार्टमेंट स्टोअर ही गोष्ट कोरियात जपान्यांबरोबर आली. सोलच्या म्योंगदोंगजवळची शिनसेगे स्टोअरची जुनी इमारत म्हणजे १९३० मधलं मित्सुकोशी. ई सांगच्या १९३६ मधल्या 'पंख' या कथेचा नायक भटकत भटकत ज्या गच्चीवर पोहोचतो ती याच इमारतीची. कोरियन मालकीचं पहिलं मोठं स्टोअर जोंगनोमधलं 'ह्वासिन', पार्क हुंग-सिक या उद्योगपतीचं. ती इमारत १९८७ मध्ये पाडली. १९७९ मध्ये लोत्ते आलं आणि पुढच्या सुबत्तेत अशा दुकानांची चढाओढ लागली.

त्या चढाओढीचं टोक म्हणजे साम्पुंग. मूळ आराखडा वेगळ्या वापराचा होता, तो बदलून दुकान केलं. खांब बारीक ठेवले, वर एक मजला चढवला, गच्चीवर वातानुकूलनाची अवजड यंत्रं ओढत हलवली. २९ जून १९९५ च्या सकाळी वरच्या मजल्याला भेगा दिसत होत्या. व्यवस्थापनानं बैठक घेतली, पण धंद्याचा दिवस बुडेल म्हणून दुकान रिकामं केलं नाही. संध्याकाळी सहाच्या आत, अवघ्या काही सेकंदांत, इमारत बसली. ५०२ माणसं गेली. त्या जागी आता महागडी निवासी इमारत आहे. मृतांचं स्मारक तिथे नाही, ते काही किलोमीटरवरच्या यांगजेच्या उद्यानात आहे. सोलमधल्या झगमगत्या दुकानांची तारीफ करणारा लेख साम्पुंगचं नाव घेत नसेल तर तो अपुरा आहे असं मी समजतो.

आजची मोठी स्टोअर्स माल कमी आणि जागा जास्त विकतात. यॉइदो बेटावरचं 'द ह्युंदाई सोल' फेब्रुवारी २०२१ मध्ये, ऐन कोरोनात, उघडलं. नावातून डिपार्टमेंट स्टोअर हा शब्दच गाळला. अर्ध्याच्या आसपास जागा बागेला, धबधब्याला, बसायला. गांगनाममधल्या कोएक्स मॉलमध्ये २०१७ पासून तेरा मीटर उंच कपाटांचं खुलं वाचनालय आहे. कोणीही जावं, पुस्तक काढावं, वाचावं. वरच्या कप्प्यांपर्यंत हात पोहोचत नाही ही गोष्ट अलाहिदा.

आता त्या कायद्याकडे येऊ ज्यावर कोरियात आजही वाद चालू आहे. १९९३ मध्ये सोलच्या छांग-दोंगमध्ये पहिलं ई-मार्ट सुपरमार्केट उघडलं. मागून वॉलमार्ट आणि कॅरेफोर आले. दोघंही २००६ मध्ये गाशा गुंडाळून गेले, वॉलमार्टची १६ दुकानं तर ई-मार्टच्याच मालकांनी घेतली. गोदामासारखी उंच मांडणी कोरियन गृहिणीला पटली नाही. तिला समोर कापलेला मासा, ताजी पालेभाजी, चाखायला एक तुकडा हवा होता. ई-मार्टनं बाजाराची ही रीतच उचलली. आणि मग बाजार ओस पडू लागले. २०१२ मध्ये कायदा झाला: मोठ्या सुपरमार्केटांनी महिन्यातून दोन दिवस बंद राहायचं, बहुतेक ठिकाणी दुसरा आणि चौथा रविवार, आणि मध्यरात्रीपासून सकाळपर्यंत विक्री करायची नाही. कंपन्या कोर्टात गेल्या, २०१८ मध्ये घटनात्मक न्यायालयानंही कायदा उचलून धरला.

हेतू चांगला होता. पण त्याच काळात ऑनलाइन विक्री करणारी कुपांग मोठी होत होती. २०१० मध्ये निघालेल्या या कंपनीनं २०१४ मध्ये स्वतःच्या गाड्या, स्वतःची माणसं लावून 'रॉकेट' पोहोच सुरू केली. २०२१ मध्ये तिचे समभाग न्यूयॉर्कच्या बाजारात गेले. मध्यरात्रीच्या आत मागवलेली पालकाची जुडी सकाळी सातच्या आत दारात. २०१५ मध्ये आलेल्या 'कर्ली'नं पहाटेच्या पोहोचीची सवय आधीच लावलेली होती. गंमत अशी की, ई-मार्टला आपल्या दुकानातून हीच सेवा द्यायची तर रात्रीची बंदी आड येते, गोदामातून पाठवणाऱ्या कुपांगला येत नाही. रविवारी सुपरमार्केट बंद म्हणून लोक बाजारात गेले नाहीत, सोफ्यावर बसून फोनवर बोट फिरवू लागले. २०२३ मध्ये देगू शहरानं बंदचा दिवस सोमवारवर नेला, पुढच्या वर्षी सोलमधल्या काही प्रभागांनीही तोच मार्ग धरला. होमप्लस ही मोठी साखळी मार्च २०२५ मध्ये कोर्टाच्या संरक्षणाखाली गेली. माझं मत असं की, कायद्यानं शत्रू चुकीचा ओळखला. आणि ज्या कामावर नजर हवी होती ते, म्हणजे रात्रपाळीत गोदामात आणि गाडीवर राबणाऱ्यांचं, नजरेआड राहिलं; त्यांच्या मृत्यूंवरून कामगार संघटनांना रस्त्यावर यावं लागलं. छॉन थे-इलच्या देशात हे व्हावं हे मला खटकतं.

मग बाजार कुठे जगतोय? जिथे त्याला काम आहे तिथे. सोलला लागून असलेल्या सोंगनाम शहरात मोरान बाजार भरतो. हा 'ओइल-जांग', पाच दिवसांनी भरणारा. इथे वार पाहायचा नाही, तारीख पाहायची: मोरानला ४ आणि ९ नं संपणाऱ्या तारखा, कांगवन प्रांतातल्या डोंगराळ छोंगसनला २ आणि ७. शेजारपाजारच्या गावांच्या तारखा वेगळ्या असतात म्हणून फिरता विक्रेता पाचही दिवस कुठे ना कुठे पाल टाकतो. छोंगसनला रानभाज्या, बक्व्हीटचे घावन, सुकवलेली पानं. मोरान एके काळी कुत्र्याच्या मांसासाठी बदनाम होता. तिथल्या कत्तलीच्या जागा आधीच हटल्या आणि २०२४ मध्ये संसदेनं या धंद्यावरच बंदीचा कायदा केला, तो २०२७ पासून लागू होतो.

मोरानमध्ये तेल गाळणाऱ्या दुकानांची अख्खी गल्ली आहे. लोक तीळ घेऊन येतात, नाहीतर तिथेच घेतात. धुऊन, भाजून, दाबयंत्रात घालून तेल काढेपर्यंत स्टुलावर बसून राहतात. भाजल्या तिळाच्या वासानं रस्ता भरून जातो. तेल भरतात ते बहुतेकदा सोजूच्या, म्हणजे दारूच्या, हिरव्या काचेच्या बाटलीत. मालाचा देश लिहिणं सक्तीचं आहे, आणि कोरियन तिळाचं तेल चिनी तिळाच्या तेलाहून कितीतरी महाग असतं. म्हणून गिऱ्हाईक यंत्रावरून नजर हलवत नाही. हे काम कुपांग करू शकत नाही. डोळ्यांदेखत गाळून देणं हीच इथली खरी विक्री आहे.

छापील किमतीच्या दुकानांबद्दल फार सांगण्यासारखं नाही, ती उत्तम आहेत. सौंदर्यप्रसाधनांना 'ऑलिव्ह यंग', १९९९ पासूनची साखळी, आता जवळजवळ प्रत्येक चौकात; तिच्यापुढे जगप्रसिद्ध सेफोरा २०२४ मध्ये देश सोडून गेली. किरकोळ वस्तूंना 'दाइसो', तिथे किमती सहाच: ५०० वॉनपासून ५,००० पर्यंत. देशात ५० हजारांवर कन्व्हिनियन्स स्टोअर्स आहेत. रात्री दोनला भूक लागली तर यंत्रावर रामेन शिजवून घ्या आणि खिडकीशी उभे राहून खा. पिशवी फुकट मिळत नाही. सुपरमार्केटात पिशवी मागितलीत तर बऱ्याचदा महापालिकेची कचऱ्याची पिशवी विकत मिळते, कारण कोरियात १९९५ पासून घरचा कचरा विकतच्या पिशवीतूनच टाकावा लागतो.

सणाची खरेदी पाहायची असेल तर छुसॉकच्या आधीचा आठवडा गाठावा. ही भाद्रपदाच्या आसपासची पौर्णिमा, पितरांना नव्या पिकाचा नैवेद्य दाखवायची. नैवेद्याचं सामान बाजारात स्वस्त पडतं की सुपरमार्केटात, याची पाहणी दरवर्षी प्रसिद्ध होते आणि दरवर्षी बाजार जिंकतो. भेटवस्तूंच्या पेट्यांचे मात्र डोंगर सुपरमार्केटात. त्यात तेल, शाम्पू, नासपती आणि स्पॅम. हो, डबाबंद मांस, अमेरिकी सैन्याबरोबर आलेलं आणि १९८७ पासून कोरियातच बनणारं. ते चकचकीत पेटीत घालून साहेबांना देतात. अर्थात किती किमतीचं द्यावं यालाही २०१६ च्या लाचविरोधी कायद्यानं मर्यादा घातली आहे, निदान सरकारी अधिकारी, शिक्षक आणि पत्रकारांसाठी.

रांजणगावच्या एलजीमुळे आणि तळेगावच्या ह्युंदाईमुळे कामाला म्हणून कोरियाला जाणारे पुणेकर आता कमी नाहीत. त्यांच्यासाठी एवढंच: तूरडाळ, हिंग, कढीपत्ता सोलमधल्या इथेवॉनच्या मशिदीजवळच्या परदेशी किराणा दुकानांत मिळतो. बाजारात रोख न्यावी, दुकानात कार्ड चालतं. दुकानात १५,००० वॉनच्या पुढच्या खरेदीवर पासपोर्ट दाखवून कर परत मागावा. दोंगदेमुनच्या घाऊक इमारती शनिवारी रात्री बहुतेक बंद असतात, नामदेमुनची बरीच दुकानं रविवारी. मोरानला जाण्याआधी कॅलेंडर पाहा. आणि तिळाचं तेल घेतलंत तर बाटली कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत टाका. विमानात हातातल्या सामानात शंभर मिलिलिटरच्या वर तेल नेऊ देत नाहीत.